चांदबिबीचें श्येनक्रीडाचित्र व त्याचा अर्थ

दख्खनी चित्रांच्या संग्रहांत एक विषय पुनःपुन्हां आढळतो. एक राजस्त्री घोड्यावर आरूढ आहे. तिच्या हातावर ससाणा बसला आहे. बरोबर सेवक आहेत. भोंवतीं हिरवीगार भूमि असून मागें दूरवर इमारती दिसतात. या चित्रास चांदबिबीचें चित्र म्हणण्याचा प्रघात आहे. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें १९९९ सालीं मिळविलेली प्रति या वर्गांत प्रसिद्ध होय. तज्ज्ञ ती इ. स. १७०० च्या सुमाराची ठरवितात व बहुधा हैदराबादकडील मानतात. अपारदर्शक जलरंगांच्या जोडीला तींत सोनें व रुपें वापरलें आहे. त्याच मांडणीच्या इतर प्रतिहि निरनिराळ्या संग्रहांत आहेत.

चांदबिबीचा वध इ. स. १६०० मध्यें झाला. म्हणजे या चित्रकाराच्या आधीं ती तीन-चार पिढ्या होऊन गेली होती. तिला पाहून काढलेलें असें या चित्रांत कांहीं असूं शकत नाहीं. तरीहि पुष्कळ पुस्तकांतून तें तिची तसबीर म्हणून छापलें जातें आणि वाचक तिचा चेहरा असाच होता असें समजून पान उलटतो. मग हें चित्र इतिहासाचें साधन म्हणून टाकाऊ समजावें काय? आमच्या मतें नाहीं. मात्र तें १५९६ च्या अहमदनगरचें साधन नसून १७०० च्या दख्खनचें साधन आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे.

नागपूर-वऱ्हाडच्या वाचकांस ही राणी परकी नाहीं. मूर्तझा निजामशहानें इमादशाही बुडवून १५७४ सालीं वऱ्हाड घेतलें आणि बावीस वर्षांनीं त्याच्या बहिणीनें, म्हणजे चांदबिबीनें, तें तहांत मोंगलांस सोडलें. ती हुसेन निजामशहा पहिला व खुंझा हुमायून यांची कन्या. विजयनगराविरुद्ध दख्खनी सुलतानांची जी एकी झाली तिच्या मुळाशीं हिचा विवाह होता. विजापूरच्या अली आदिलशहास ती दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून तिच्याबरोबर गेला. १५८० सालीं अली मारला गेला व नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला. त्याचें पालकत्व चांदबिबीकडे आलें. किश्वरखानानें तिला कांहीं महिने साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेंत ठेवलें, तेथून ती सुटली, आणि पुढें माहेरीं अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) आली. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुराद व खानखानान यांनीं अहमदनगरास वेढा घातला तेव्हां किल्ला लढविण्याचें काम तिनें अंगावर घेतलें. ही हकीकत सर्वश्रुत आहे. येथें अधिक विस्तार नको.

चित्राकडे वळण्यापूर्वीं एका ग्रंथाची आठवण करणें अवश्य आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें (राज्यकाल ११२६–११३८) रचलेला ‘मानसोल्लास’ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्री. गो. कृ. नव्हे, तर गजानन श्रीगोंदेकर यांनीं संपादिला. पहिला खंड १९२५ त व दुसरा १९३९ त निघाला. या ग्रंथांत श्येनविनोद हें स्वतंत्र प्रकरण आहे आणि चित्रकर्माचेंहि विस्तृत विवेचन आहे. दख्खनच्या एकाच राजानें एकाच पुस्तकांत ससाण्याची शिकार कशी खेळावी व चित्र कसें काढावें हीं दोन्ही सांगितलीं, ही आपल्या कामाला फार सोयीची गोष्ट होय. चित्रांचे तो जे प्रकार करतो त्यांतील तीन आपणांस हवे आहेत. आरशांतल्या प्रतिबिंबाप्रमाणें सादृश्य साधणारें तें विद्धचित्र. मनांत आलें म्हणून केवळ आकार साधून काढलेलें तें अविद्ध. आणि ज्याच्या दर्शनासरशीं शृंगारादि रस प्रगट होतात तें भावचित्र. आमच्या दृष्टीनें चांदबिबीच्या चित्रावरील बहुतेक वाद विद्ध व भाव यांची गल्लत केल्यानें उत्पन्न झाला आहे.

आतां ससाण्याकडे पाहूं. श्येनक्रीडा हा मनोविनोद खरा, पण तो सामान्यांचा नव्हे. पक्षी धरणें, त्याला माणसाळविणें, जागरणें करून हातावर बसावयास शिकविणें, त्याचा आहार सांभाळणें, यासाठीं वेगळे बाजदार लागत. कुमाऊंचा राजा रुद्रदेव यानें ‘श्यैनिकशास्त्र’ नांवाचा संस्कृत ग्रंथ याच विषयावर लिहिला. तो हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० त कलकत्त्यास प्रसिद्ध केला. दरबारांतील परिभाषा मात्र मुख्यतः फारशी होती. पक्ष्यांचे दोन वर्ग: पिवळ्या डोळ्यांचे ते गुलाबचष्म, काळ्या डोळ्यांचे ते स्याहचष्म. बाज व शिकरा पहिल्या वर्गांतले. ते हातावरून सुटून थोड्या अंतरांत भक्ष्य गांठतात. बहिरी व शाहीन दुसऱ्या वर्गांतले. ते उंच चढून वरून झेप घेतात. शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर घरटें करतो. बाज मात्र हिमालयाकडून आणावा लागे, म्हणून त्याची किंमत मोठी. आणखी एक मौज अशी कीं, शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षां मोठी व बलवान असल्यामुळें प्रतिष्ठेचें नांव मादीचें असतें. बाज म्हणजे मादी, तिच्या नराला जुर्रा म्हणत. शिकरा म्हणजे मादी, तिचा नर चिपक. चित्रकाराच्या मनांत हा श्लेष होता असें म्हणण्यास आधार नाहीं, परंतु हें चित्र विकत घेणाऱ्या शिकारी सरदारांस तो सहज कळला असता.

एवढा खर्च व एवढी माणसें ज्याच्या पदरीं तोच ससाणा बाळगणार. म्हणून हातावरील ससाणा हें दरबारी चित्रांत छत्र-चामरांसारखेंच राजचिन्ह होऊन बसलें. याचा उत्तम दाखला चांदबिबीच्या घरांतलाच आहे. ज्या इब्राहीम आदिलशहाला तिनें लहानपणीं सांभाळलें त्याचें घोड्यावरून ससाण्याची शिकार खेळतांनाचें चित्र रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें आहे. तें १५९० च्या सुमाराचें, म्हणजे इब्राहीम विशीच्या आसपास असतांनाचें असून फर्रुख बेग या मोठ्या चित्रकाराकडे त्याचें कर्तृत्व दिलें जातें. स्वप्नांत पाहावी तशी त्यांतली भूमि आहे. परंतु स्वार मात्र कल्पनेंतला नव्हे. इब्राहीमच्या इतर समकालीन चित्रांशीं त्याचा चेहरा जुळतो. म्हणजे भूमि भावाची व चेहरा विद्ध अशी ती रचना आहे.

हीं दोन चित्रें मनांत शेजारीं ठेवावीं. घोडा तोच, हातावरील पक्षी तोच, भोंवतालचें अद्भुत रान तेंच. फरक एवढाच कीं, पुतण्याचा चेहरा पाहून काढला आहे व चुलतीचा कल्पून. शंभर वर्षांनंतरच्या चित्रकारानें सुलतानाच्या श्येनक्रीडेचा जो सांचा दख्खनेंत रूढ होता तो घेऊन त्यांत राणी बसविली. हें अनुकरण थेट त्या चित्राचें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. सांचा सार्वत्रिक होता. परंतु सांचा सुलतानाचा होता हें महत्त्वाचें. चांदबिबी कधींहि तख्तावर बसली नाहीं. विजापुरास ती इब्राहीमच्या नांवानें कारभार करी, अहमदनगरास बहादूर निजामशहाच्या नांवानें. इतिहासानें जी पदवी तिला दिली नाहीं ती चित्रकारानें एका पक्ष्याच्या द्वारें दिली.

समकालीन पुराव्याची व अशा चित्राची तुलना करावयाची असल्यास नूरजहानचें उदाहरण घ्यावें. तिनें १६१७ सालीं सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याचें खुद्द जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत लिहितो. आणि बंदूक हातीं घेतलेल्या तिच्या स्वरूपाचें अबुल हसन या दरबारी चित्रकाराचें चित्र रामपूरच्या रझा ग्रंथालयांत आहे. तेथें लेख व चित्र एकमेकांस साक्ष देतात. चांदबिबीच्या बाबतींत लेख एका बाजूस व चित्र दुसऱ्या बाजूस राहतें.

तें कसें हें पाहण्यासारखें आहे. वेढ्याच्या वेळीं अहमदनगरांत असलेला सय्यद अली तबातबा ‘बुर्हान-इ-मआसिर’ मध्यें त्या दिवसांची हकीकत देतो, आणि फिरिश्ता विजापुरांत बसून थोड्याच वर्षांनीं लिहितो. १५९६ च्या फेब्रुवारींत सुरुंगानें तट फुटला, लोक मागें सरूं लागले, तेव्हां ती तोंडावर बुरखा घेऊन, हातांत नागवी तलवार धरून खिंडारापाशीं आली आणि रातोरात तट पुन्हां उभा करविला, असें या प्रसंगाचें जें वर्णन फिरिश्त्यापासून चालत आलें त्याचें मर्म तलवार व बुरखा या दोन वस्तूंत आहे. चित्रांत या दोहोंपैकीं एकहि नाहीं. तेथें तोंड उघडें आहे व हातीं ससाणा आहे. चित्रकारास युद्धप्रसंग काढतां येत नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. त्यानें तो काढला नाहीं, कारण त्याला लढणारी स्त्री दाखवावयाची नव्हती. राज्य करणारी दाखवावयाची होती. शिकार हा राज्य स्वस्थ असल्याचा खेळ आहे. वेढा पडलेल्या किल्ल्यांतून कोणी ससाणा घेऊन बाहेर पडत नाहीं.

रंगांचेंहि तसेंच. अहमदनगरचा मुलूख काळ्या कातळाचा व थोड्या पावसाचा. चित्रांतील हिरवळ तिकडची नव्हे. दख्खनी चित्रकार जांभळा, गुलाबी, हिरवा असे रंग एकमेकांशेजारीं निःशंकपणें ठेवतात, घोड्याचे पाय व शेपूट मेंदीनें रंगलेलीं दाखवितात, सोन्याची झळक वस्त्रांवर खेळवितात. कांहींजण यास केवळ नटवेपणा म्हणतात. तो आरोप आम्हांस मान्य नाहीं. सोमेश्वराच्या भाषेंत हे रंग भाव प्रगट करण्यासाठीं आहेत. भूमि सुपीक, प्रजा सुखी, राणी निर्धास्त, असें तें विधान आहे. आणि तें विधान १५९६ च्या वस्तुस्थितीच्या सर्वस्वीं विरुद्ध आहे हेंच त्याचें वैशिष्ट्य.

येथें चांदबिबीच्या आईची आठवण होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आफताबी कवीच्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारशी मसनवीची सचित्र पोथी आहे, गो. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे यांचें तिचें संपादन मंडळानें १९८७ त प्रसिद्ध केलें. अहमदनगरची म्हणून जी थोडी चित्रकला आज उरली आहे तींत हिचें स्थान पहिलें. हुसेनशहाबरोबर राणी खुंझा हुमायूनचीहि स्तुति कवीनें मनसोक्त केली आहे आणि तिच्या बारा चित्रांपैकीं कांहींत ती राजाच्या शेजारीं बसलेली होती. होती असें म्हणण्याचें कारण, पुढें तिची आकृति बहुतेक ठिकाणीं रंग फांसून नाहींशी केली गेली. १५६५ त हुसेन वारल्यावर तिनें मुलाच्या नांवें कारभार केला व १५६९ त ती पकडली गेली. आकृति पुसण्याचा संबंध या घटनेशीं जोडला जातो व तें सयुक्तिक दिसतें. मातेला तिच्याच काळांत, तिला पाहणाऱ्या चित्रकारानें रंगविलें व तिच्या शत्रूंनीं पुसलें. कन्येचें समकालीन चित्र कोणीं काढलें म्हणून प्रसिद्ध नाहीं, आणि मरणानंतर शतकानें तीं प्रतीवर प्रति निघूं लागलीं. निजामशाही राज्य १६३६ त संपलें होतें. आतां पुसणारा कोणी उरला नव्हता.

पण मागणारे कां उत्पन्न झाले? काल पाहावा. १६८६ त विजापूर व १६८७ त गोवळकोंडें पडलें. दख्खनची शेवटची सुलतानी गेली. तिकडे मार्च १७०० मध्यें राजाराम महाराज वारले आणि ताराबाईनें मुलाच्या नांवानें मोंगलांशीं युद्ध चालविलें. औरंगजेब १७०७ त मेला तोहि अहमदनगरासच. याच सुमारास, १७०२ मध्यें, देवगडच्या बख्तबुलंदानें नागपूर शहर वसविलें असें मानतात. अशा वेळीं मोंगलांस एकदां तरी तटाबाहेर थांबविणारी राणी दख्खनी मनास प्रिय व्हावी यांत नवल नाहीं. ताराबाईकडे पाहून चांदबिबी आठवली, असा थेट संबंध जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. शिवाय हीं चित्रें घेणाऱ्यांत मोंगली नोकरींतले सरदारहि होते, आणि त्यांना शौर्याइतकीच शिकारीची व सुंदर स्त्रीची आवड असणार.

कथाहि याच काळांत वाढत होत्या. खाफीखान अठराव्या शतकांत लिहितांना, चांदबिबीनें मोंगलांवर रुप्याचे गोळे झाडल्याचें सांगतो. एल्फिन्स्टनच्या १८४१ च्या इतिहासांत अहमदनगरकडील लोकवार्ता आली आहे ती याहून पुढें जाते: गोळे संपल्यावर आधीं तांब्याचीं, मग रुप्याचीं, मग सोन्याचीं नाणीं तोफेंत भरलीं आणि जवाहीर उडवूं लागल्यावरच तह झाला. जवळच्या लेखकाच्या हातीं तलवार व बुरखा, शतकानंतर रुपें, अडीच शतकांनंतर हिरेमाणकें. आमचें चित्र या सांखळींतील मधला दुवा आहे. आणि त्यांत रुपें व सोनें खरोखरीचेंच आहे.

एक आक्षेप राहतो आणि तो बळकट आहे. हें मुळांत कोणा अनामिक शिकारी नायिकेचें चित्र असेल व चांदबिबीचें नांव मागून चिकटलें असेल, तर वरील विवेचनाचें काय होतें? दख्खनी, मोंगल व राजपूत या तिन्ही शैलींत शिकार खेळणाऱ्या स्त्रियांचीं चित्रें आहेत. चित्राच्या पाठीवर वा समासांत नांव घालणारा हात पुष्कळदां चित्रकाराचा नसतो. मालकाचा, कारकुनाचा किंवा विक्रेत्याचा असतो, आणि विक्रेत्याला अनामिक नायिकेपेक्षां राणी विकणें केव्हांहि फायद्याचें. ही शक्यता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ती मान्य केली तरी अर्थ नाहींसा होत नाहीं, त्याचा कर्ता मात्र बदलतो. मग राणीस ससाणा चित्रकारानें दिला नाहीं. ससाणा धरलेली स्त्री पाहून ज्याच्या ओठांवर दुसरें कोणतेंच नांव आलें नाहीं अशा वाचकानें दिला. त्या वाचकाचा काळ व अक्षर ठरविणें हें संशोधकाचें काम होऊन बसतें.

यासाठीं प्रतींची तुलना हाच मार्ग आहे. जुने चित्रकार हरणाच्या पातळ कातड्यावर आकृति उतरून घेत, रेषांवर टोचे मारीत व कोळशाची भुकटी झाडून तीच आकृति दुसऱ्या कागदावर पाडीत. हा चरबा उलटा ठेवला कीं घोडा दुसऱ्या दिशेस तोंड करतो व ससाणा दुसऱ्या हातावर जातो. दोन प्रतींत दिशा विरुद्ध पण रेषा त्याच असतील तर त्या एका चरब्याच्या समजाव्या. पक्ष्याचा डोळा पिवळा कीं काळा, हेंहि पाहावें. ज्यानें प्रत्यक्ष शिकार पाहिली तो बाज व बहिरी यांत गोंधळ करणार नाहीं. ज्यानें चरब्यावरून केवळ रंग भरले तो करील. एका थेंबभर रंगांत कित्येकदां प्रतीची पिढी कळते.

वऱ्हाडच्या बाजूनें पाहतां या चित्रांत एक गोष्ट नाहीं, ती नमूद केली पाहिजे. अहमदनगर वांचलें तें वऱ्हाड देऊन. गाविलगड, नरनाळा, एलिचपूर यांसह तो सुभा मोंगलांकडे गेला आणि गोंडवनाच्या पश्चिम सीमेवर दिल्लीची सत्ता आली. अहमदनगरचें संरक्षण त्यानें चारच वर्षें लांबलें. १६०० त मोंगलांशीं बोलणें लावल्याच्या आरोपावरून तिच्याच लोकांनीं तिला ठार केलें व ऑगस्टांत किल्ला पडला. दोनशें वर्षांनंतर, १७ डिसेंबर १८०३ रोजीं, दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला तोहि नागपूर राखण्यासाठींच. राजधानी वांचविण्यास वऱ्हाड द्यावें हा परिपाठ चांदबिबीपासूनचा आहे. तहाचा कागद कोणी रंगवीत नाहीं, म्हणून तिचें चित्र ससाण्याचें निघालें. पण वऱ्हाडांत बसून तें पाहणाऱ्यानें तिच्या दुसऱ्या, रिकाम्या हातांत तो कागद कल्पून घेण्यास हरकत नाहीं.

नागपूर व वऱ्हाडांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत व खासगी संग्रहांत घोड्यावरील स्त्री व ससाणा या विषयाची प्रति असल्यास मालकांनीं ती पुसूं वा धुवूं नये, मागचा कागद सोलूं नये, आणि नवीन चौकट करण्यापूर्वीं दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घ्यावींत. घोड्याची दिशा, पक्षी कोणत्या हातावर आहे, त्याच्या डोळ्याचा रंग, कागदाची लांबी-रुंदी आणि पाठीवरील लेख मोडी, बालबोध वा फारशी जसा असेल तसा, काना-मात्रेचाहि फरक न करितां, उतरून कळविल्यास प्रतींची वंशावळ लावण्यास प्रारंभ करतां येईल.